फेसवाले मेजर

हिंगोलीच्या बाजारात आमचा गोटी सोड्याचा कारखाना होता. कारखाना हा शब्द अब्बांचा. खरं म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली, सोडा भरायचं हाताने फिरवायचं मशीन, भिंतीला साखळीने बांधलेले गॅसचे सिलिंडर आणि धुऊन पालथ्या घातलेल्या हिरवट बाटल्या. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, भर दुपारी, एक उंच, शेलाटा, ताठ माणूस सरळ आत आला. माझ्याकडे न बघता सिलिंडरपाशी गेला, हाताचा पालथा पंजा त्याला लावला आणि नाडी बघावी तसा क्षणभर डोळे मिटून उभा राहिला.

“हा गॅस बिअरला चालंल,” तो म्हणाला.

मी विचारलं, आपण कोण? तेव्हा कुठे दुकानाला मालक असतो हे त्यांच्या लक्षात आलं. नाव गोवर्धन राठोड. राहणार गोरेगावकडच्या तांड्यावर, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, आता कनेरगाव नाक्यावर बायकोसोबत धाबा चालवतात. हवालदार असले तरी सगळा रस्ता त्यांना मेजर म्हणायचा आणि तेही ती बढती नाकारत नसत.

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. मी तसं स्पष्ट सांगितलं. वाटलं, माणूस ओशाळेल. उलट ते खूश झाले.

“माझ्या बी घरात येत न्हाई. बायको येऊ देत न्हाई. पण सलीमभाई, प्यायची कुणाला हाय? ओतायची हाय.”

दुकानाबाहेरच्या पाटीवरून माझं नाव त्यांनी वाचलं असणार. पण पहिल्याच वाक्यात ते असं घेतलं की जणू आम्ही एका वर्गात शिकलो होतो. मी अब्बांकडे बघितलं. अब्बा म्हणाले, गॅस आपला, पुढचं त्यांचं. तिथून आमची जी संगत जुळली ती पुढे कितीतरी उन्हाळे टिकली, आणि त्या सगळ्या काळात आम्ही दोघांनी मिळून बिअर किती प्यायली म्हणाल, तर मी अजिबात नाही आणि त्यांनी जिभेला लावण्यापुरती.

त्यांचं हे वेड समजायला फौजेतली एक गोष्ट माहीत असायला हवी. ती त्यांनी मला बाटल्यांच्या खोक्यावर बसून सांगितली. खुर्चीवर ते कधी बसत नसत. खुर्चीत बसलं की माणूस कोमट होतो म्हणायचे. माणसांचं वर्णन ते नेहमी असंच करायचे. अमुक माणूस थंड, तमुक तापलेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोमट.

फौजेत बंदुकीपेक्षा त्यांचा जास्त काळ मेसमध्ये गेला. दक्षिणेकडच्या एका छावणीत अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिअर नळातून यायची. त्या नळावर असायचे भिकाजी पोले, आपल्याच भागातले, सेनगावकडच्या एका धनगर घरातले. राठोड त्यांना उस्ताद म्हणत. पोले ग्लास तिरका धरायचे, नळ एका झटक्यात पूर्ण उघडायचे, सोनेरी धार काचेच्या कडेने उतरायची आणि शेवटी ग्लास सरळ केला की वर बरोबर दोन बोटं पांढरा फेस बसायचा. राठोड मागे उभे राहून ग्लास धुवायचे आणि ते बघायचे. वर्षानुवर्षं त्यांनी ते बघितलं. नळाला हात लावायची मात्र त्यांना परवानगी नव्हती.

मग एकदा पोले सुट्टीवर गेले. मेसमध्ये पाहुणे आले होते. नळावर राठोडांना उभं केलं गेलं. त्यांनी ग्लास तिरका धरला, नळ उघडला आणि ग्लासात आला नुसता फेस. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच. एक साहेब हसून म्हणाले, “राठोड, तू ग्लास ही धो.” पाहुणेही हसले. राठोडही हसले. साहेबांच्या मनात काही वाईट नव्हतं, असं ते मला दोनदा बजावून म्हणाले.

“पण तवापासून हात शिवशिवून राहिलेत,” ते म्हणाले.

त्यांना हवं होतं ते इतकंच. आपल्या मुलखात, मे महिन्यात, उघड्या रानात, लाईट नसताना, नळ उघडायचा आणि गार बिअर ओतायची. वर दोन बोटं फेस. त्यासाठी विजेचा फ्रीज उपयोगाचा नव्हता. आमच्याकडे लाईट असण्यापेक्षा नसायचीच जास्त. म्हणून त्यांनी बर्फावर चालणारी, जीपमध्ये घालून कुठेही नेता येईल अशी पेटी बनवायला घेतली.

पेटी त्यांची फौजेतलीच, काळी, लोखंडी. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. सोनाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तिच्यात गोधड्या ठेवत. मेजरांनी गोधड्या माळ्यावर टाकल्या, पेटीला आतून थर्माकोल लावलं, त्यावर पत्रा ठोकला. अकोल्याच्या भंगार बाजारातून दूध डेअरीतलं स्टीलच्या नळीचं एक भलंमोठं वेटोळं आणलं आणि ते पेटीत बसवलं. पेटीच्या तोंडाशी पितळी नळ लावला. कल्पना सोपी होती. बिअरचं स्टीलचं पिंप, त्याला केग म्हणतात, ते पेटीबाहेर ठेवायचं. माझ्या सिलिंडरचा गॅस त्याच्यात सोडायचा. गॅसच्या दाबाने बिअर नळीत चढणार, बर्फातल्या वेटोळ्यातून फिरता फिरता गार होणार आणि नळातून ग्लासात पडणार.

धाब्यावर दारू नाही हा सोनाबाईंचा नियम. तो मोडायची मेजरांची हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. म्हणून प्रयोग व्हायचे हिंगोलीतल्या एका परमिट रूमच्या मागच्या आवारात. तिथल्या मालकाची बाटल्यांची गाडी औरंगाबादहून यायची. तिच्यातून तो अधूनमधून एखादं केग मागवून द्यायचा. त्यालाही या भानगडीची गंमत वाटू लागली होती.

पहिल्या दिवशी आवारात बरीच मंडळी जमली. मेजरांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. केग लागलं, गॅस सुरू झाला, मेजरांनी ग्लास तिरका धरून नळ उघडला. नळ खोकला. मग त्यातून फेस यायला लागला. नुसता फेस, पांढराशुभ्र, घट्ट. ग्लास भरला, बादली भरली, फेस जमिनीवर आला. कुणीतरी म्हणालं, चला रे, दाढ्या करून घ्या. सगळं आवार हसलं. त्याच दिवशी त्यांचं नाव फेसवाले मेजर पडलं आणि ते पार वाशीमपर्यंत पसरलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं तर चेहरा उजळलेला. ते फेसात बोट बुडवून बघत होते.

“बाहेर तर येतंय, सलीमभाई. बराबर बाहेर येतंय. आता फकस्त फेस काहून येतोय तेवढं शोधायचं.”

तेवढं शोधायला आमची काही वर्षं गेली.

त्यांची एक पद्धत होती. एका वेळी एकच बदल करायचा. दोन बदल एकदम केले की गुन्हेगार निसटतो, असं ते म्हणायचे. पहिला संशय ग्लासांवर गेला. साबणाचा, तेलकट बोटांचा अंश राहिला तर फेस बिघडतो हे त्यांना मेसमध्ये कळलं होतं. मग ग्लास खाण्याच्या सोड्याने धुतले, पालथे वाळवले, एकेक उन्हात धरून बघितला. फेस तसाच. दुसरा संशय रस्त्यावर. औरंगाबाद ते हिंगोली रस्ता तेव्हा असा होता की केगच काय, माणूससुद्धा फेसाळून उतरायचा. मग मेजर स्वतः गाडीसोबत गेले आणि येताना केग कापसाच्या गादीवर ठेवून, त्याला दोन्ही हातांनी कवेत धरून आले. आल्यावर ते आवारातल्या कडुनिंबाखाली ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं. एक अख्खा दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही. कुणी जवळून पाय आपटत गेलं तरी मेजर तोंडावर बोट ठेवायचे.

फेस थोडा कमी झाला. थोडाच. पण त्या दिवशी ते इतके आनंदात होते की परमिट रूममधल्या सगळ्यांना त्यांनी सोनाबाईंच्या हातचं मटण खाऊ घातलं.

सोनाबाईंचं या उद्योगाबद्दल एक मत होतं आणि ते त्या लपवत नसत. त्यांच्या भाकरीसाठी ट्रकवाले मुद्दाम नाक्यावर थांबायचे. त्यांचं म्हणणं, ह्या माणसाला खराब झालेली वस्तू दाखवा, हा तहानभूक विसरंल. चांगली वस्तू दाखवा, हा तिकडं बघणार बी न्हाई. हे खरंच होतं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेलो होतो. मांडवात पाव्हणे बसलेले, भटजी आलेले, आणि नवरीचे वडील सापडेनात. लाऊडस्पीकर घूं घूं करत होता. मला शंका आली म्हणून मी मांडवाच्या मागे गेलो. मेजर फेट्यासकट जमिनीवर आडवे, तोंडात वायर धरलेली, आणि स्पीकरवाला त्यांच्यावर बॅटरीचा उजेड धरून उभा. मला बघून ते तोंडातली वायर काढून म्हणाले, “अर्थिंगची वायर लागलेली न्हाई. कुणालाच माहीत नव्हतं.” व्याही हे सगळं बघून आधी गंभीर झाले. घूं घूं थांबली आणि मेजर धुळीने माखलेल्या फेट्याने हसत मांडवात आले, तेव्हा व्याहीही हसले. तो माणूस थंड हाय, असा मेजरांनी नंतर मला निर्वाळा दिला. म्हणजे चांगला.

पेटीतली एक चूक मात्र सोनाबाईंनीच दाखवली. एका दुपारी मेजर धाब्यामागे पेटीतून नुसतं पाणी काढून गारवा बघत होते. सोनाबाई गिऱ्हाइकासाठी बर्फ घ्यायला आल्या, पेटीत हात घातला आणि म्हणाल्या, “बर्फ नळीला लागतच न्हाई. मधी पोकळ झालंय.” मेजरांनी वाकून बघितलं. वेटोळ्याभोवतीचा बर्फ वितळून तिथे गुहेसारखी पोकळी झाली होती आणि नळी त्या पोकळीत कोरडी लटकत होती. बर्फात पाणी ओतायला हवं होतं, म्हणजे गार पाणी नळीला सगळीकडून भिडलं असतं. नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी मला फोन केला. आवाज असा की मला वाटलं नातू झाला. “सलीमभाई, पाणी,” ते म्हणाले, “पाणी टाकायचं राहिलं होतं.”

बिअर गार झाली. फेस निम्म्यावर आला. पण निम्मा ग्लास फेस म्हणजे निम्मा ग्लास फेसच. आता एकच संशयित उरला होता, गॅस. त्या खात्यातला माणूस मी. मी ठामपणे सांगितलं, फेस गॅसचा असतो, गॅस कमी करा. मेजरांनी रेग्युलेटरचा काटा खाली आणला. धार मंदावली, फेस वाढला. मी म्हणालो, अजून कमी करा. त्यांनी अजून कमी केला. नळातून बिअर ठिबकायला लागली आणि ती ठिबकही फेसाळ. आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत बसायचो. काटा आणखी खाली न्यायला जागाच नव्हती.

हिंगोली जिल्हा झाला त्याच्या थोडं नंतरची गोष्ट. माजी सैनिकांचा एक मेळावा ठरला. गावाबाहेर एका आमराईत, मे महिन्यात, दुपारी जेवण. परमिट रूमवाल्याने एका दिवसाचा परवाना काढला आणि मेजरांनी सगळ्यांना सांगून टाकलं की नळाची बिअर मिळेल. मी म्हणालो, अजून फेस येतोय, थोडं थांबा. ते म्हणाले, थांबलं तर उस्ताद थांबणार न्हाईत.

उस्ताद म्हणजे भिकाजी पोले. ते आता खूप म्हातारे झाले होते. मेजर मोटारसायकल घेऊन त्यांच्या गावी गेले आणि स्वतः आमंत्रण देऊन आले. पण फेसाबद्दल त्यांनी पोल्यांना एक शब्द सांगितला नव्हता. पोल्यांना वाटत होतं, राठोडने पेटी केली म्हणजे पेटी चालते.

सोनाबाईंनी स्वयंपाकाचं अंगावर घेतलं, पण निघताना बजावलं, “ह्या बारीला फेस आला तर माझी पेटी मला परत. गोधड्या उंदरांनी खाल्ल्या.”

त्या दिवशी ऊन असं होतं की आमराईतही सावली गरम लागत होती. जीपमधून पेटी उतरली, बर्फ फोडून भरला, वर पाणी ओतलं. केगला ओली पोती गुंडाळली. माणसं जमत गेली. टोप्या घातलेले, मिशा पिळलेले, कुणी बायकामुलांसह आलेले. जे पीत नव्हते त्यांच्यासाठी मी गोटी सोड्याची खोकी आणली होती. पोले आले ते खांद्यावर घोंगडी टाकून, काठी टेकत. मेजरांनी पुढे होऊन पाया पडून त्यांना पेटीसमोरच बसवलं. पोल्यांनी पेटीकडे बघितलं, नळाकडे बघितलं आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

मेजरांनी पहिला ग्लास तिरका धरला आणि नळ उघडला. फेस. दुसरा ग्लास. फेस. उन्हाने केग इतकं तापलं होतं की हिंगोलीतल्या आवारात यायचा त्यापेक्षा जास्त फेस आला. हसायला सुरुवात झाली. कुणीतरी मागून दाढीचा जुना विनोद केला. मेजरांनी माझ्याकडे बघितलं, मी काट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, थोडा कमी करा. त्यांनी केला. फेस वाढला. आता लोक ग्लास हातात घेऊन नुसते उभे होते. काही जण सोड्याच्या खोक्याकडे वळले. पोले एकटक मेजरांच्या हाताकडे बघत बसले होते. मी मेजरांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते एकच ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होते.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी सोड्याची बाटली फोडली. फोडली म्हणजे आमच्या भाषेत गोटी आत ढकलली. फट्ट आवाज झाला, बाटली भसाभसा फेसाळली आणि त्या माणसाची बाही भिजली. मेजरांनी वळून बघितलं. मग मला विचारलं, अगदी हळू आवाजात, “सलीमभाई, गोटी दाबली की फेस काहून येतो?”

हा प्रश्न मला लहान पोरंही विचारायची. मी उत्तर दिलं, “दाब सुटतो म्हणून. बंद बाटलीत गॅस पाण्यात दाबलेला असतो. दाब सुटला की तो उसळून बाहेर येतो.”

“दाब सुटला म्हणून,” ते म्हणाले. “वाढला म्हणून न्हाई.”

 वीस वर्षं सोडा भरला मी. तेच पाणी, तोच गॅस, तोच फेस. आणि यांच्या नळीत मी इतके दिवस दाब कमी करायला सांगत होतो, म्हणजे वाटेतच गोटी आत ढकलत होतो. लांबलचक नळीत दाब अपुरा, म्हणून बिअरमधला गॅस वाटेतच सुटत होता आणि नळापर्यंत फेस होऊन पोचत होता.

मेजरांनी रेग्युलेटरला हात घातला आणि काटा वर न्यायला सुरुवात केली. परमिट रूमवाला घाबरून मागे सरला. मीही त्यांचा हात धरला, म्हणालो, इतका दाब कधी दिला नाही, जोड सुटेल. ते म्हणाले, “सुटला तर मी भिजंन. तुमी लेकरायला मागं घ्या.” मग सगळ्यांना त्यांनी कवायतीच्या आवाजात दहा पावलं मागे जायला सांगितलं. आणि आश्चर्य म्हणजे सगळे गेले. एकटे पोले जागचे हलले नाहीत.

काटा चढत होता. पेटीत कुठेतरी करकरलं. मेजर हाताचा पालथा पंजा नळीवर ठेवून उभे होते. त्यांनी एक नवा, स्वच्छ ग्लास उचलला, तिरका धरला आणि नळ झटक्यात पूर्ण उघडला. आधी थोडा फेस थुंकल्यासारखा आला. आणि मग धार आली. स्वच्छ, सोनेरी, काचेच्या कडेने आवाज न करता उतरणारी धार. मी तोवर ती कधी बघितलीच नव्हती. मेजरांनी ग्लास हळूच सरळ केला. वर पांढरा फेस बसला. दोन बोटं.

त्यांनी तो ग्लास दोन्ही हातांनी पोल्यांपुढे धरला. आमराईत चुलीवरचं मटण रटरटत होतं, तेवढाच आवाज. पोल्यांनी ग्लास उन्हात धरून बघितला. एक घोट घेतला. मिशीला लागलेला फेस पुसला.

“हात बसला,” ते म्हणाले.

मेजर नळ बंद करायला विसरले होते. बादलीत धार पडत राहिली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. मग जी झुंबड उडाली ती काय सांगू. जुने सैनिक पोरांसारखे रांगेत धक्काबुक्की करत होते. मेजर ग्लासामागून ग्लास ओतत होते. प्रत्येक ग्लास उन्हात धरायचे आणि मगच द्यायचे. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. सोनाबाई चुलीपासून उठून आल्या, हातातलं उलथनं तसंच. त्यांनी एका ग्लासाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “दिसायला तर झ्याक दिसतंय.” एवढं कौतुक मी त्यांच्या तोंडून पेटीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

रांग ओसरल्यावर मेजर पोल्यांजवळ जाऊन बसले. इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न त्यांनी विचारला. उस्ताद, मेसमध्ये तुमी दाब किती ठेवायचे?

पोल्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, “मला काय माहीत? गॅस तर तिथला मिस्त्री लावायचा. आपलं काम निस्तं नळ उघडायचं.”

मला वाटलं, मेजरांना धक्का बसेल. मेसमधल्या त्या दिवशी चूक त्यांच्या हाताची नव्हती, कुणीतरी गॅस नीट लावला नव्हता, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळत होतं. ते पोल्यांकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. पोलेही हसायला लागले, का ते न कळता. बराच वेळ ते दोघे म्हातारे आंब्याखाली एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते.

त्यानंतर कुणालाही वाटेल की मेजर जिथे तिथे पेटी घेऊन गेले असतील. तसं काही झालं नाही. परमिट रूमवाल्याने केग मागवणं पुढे बंद केलं आणि मेजरांनी त्याची तक्रारही केली नाही. मी विचारलं तर म्हणाले, सापडलं की आता. सापडलेल्या गोष्टीत त्यांना रस नव्हता.

पेटी मात्र गोधड्यांकडे परत गेली नाही. तिच्यातून ताक काढायचं त्यांनी मनावर घेतलं, एका गावच्या जत्रेसाठी. लोकांना फुकट, गार ताक. सोनाबाई या प्रयोगाला तयार झाल्या, ताक त्यांनीच घुसळलं आणि चव यावी म्हणून त्यात कोथिंबीर घातली. ती कोथिंबीर वेटोळ्यात अडकली. नळ उघडला तरी काही येईना. मेजरांना आता दाबाचं तंत्र ठाऊक झालं होतं. त्यांनी काटा वर नेला. सरपंच कौतुकाने नळापुढे वाकून बघत होते, नेमका तेव्हा अडथळा सुटला. सरपंचांचा सदरा, टोपी आणि चष्मा एका क्षणात पांढरे झाले. मेजर त्यांना पुसत पुसत सांगत होते, “तुमी हलू नका, मला बघू द्या कुठवर उडालं.” पुढच्या जत्रेला कोथिंबीर गाळून घेतली, आणि त्या गावात अजूनही कुणी ताक गार आहे असं म्हटलं की मेजरांचं नाव निघतं.

ते गेले ते पावसाळ्याच्या तोंडी, शांतपणे, झोपेत. सोनाबाईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. मी तांड्यावर गेलो, माती दिली. पण ते आठवले की मला ते दृश्य आठवत नाही. मला ते शेवटचे दिसले होते त्याच्या महिनाभर आधी, सेनगाव–गोरेगाव रस्त्यावर.

लग्नसराई होती. मी कामासाठी गोरेगावला निघालो होतो. वाटेत वऱ्हाडाची एक जीप बंद पडलेली, बॉनेट उघडं, आतून वाफेचे लोट. नवरदेव बाशिंग बांधून मैलाच्या दगडावर बसलेला, करवल्या रडवेल्या, वाजंत्री हलगी मांडीवर घेऊन बसलेले. आणि बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेले मेजर. ते त्या वऱ्हाडातले नव्हते, वाटेने जाता जाता थांबले होते. मी गाडी थांबवली, म्हणालो, चला, मी सोडतो. त्यांनी डोकं बाहेर काढलं. तोंडाला काळं लागलेलं.

“तुमी व्हा म्होरं,” ते म्हणाले. “हितं लई भारी गडबड हाय.”

मी गोरेगावला पोचलो, चौकातल्या हॉटेलात चहा घेत बसलो. थोड्या वेळाने लांबून हलगी ऐकू आली. जीप आली, हळूहळू, बॉनेट काढून टपावर बांधलेलं. हलगीवाले मागे लोंबकळत वाजवत होते, करवल्या हसत होत्या, नवरदेव खिडकीतून बाहेर वाकून मेजरांच्या हातात पाण्याच्या बाटल्या देत होता. मेजर पुढच्या मडगार्डवर पाय पसरून बसले होते आणि उघड्या रेडिएटरवर बाटलीने पाणी सोडत होते, एका लयीत, थोडं थोडं. मी उठून हात केला. चौकातले लोक टाळ्या वाजवत होते.

त्यांनी मला बघितलं नाही. त्यांचं सगळं लक्ष रेडिएटरवर होतं.